कै. दत्ताराम घाडी यांची सायकल

दत्ताराम घाडी मेल्याची बातमी काळाचौकीच्या चाळीत मंगळवारी सकाळी साडेदहाला पोचली. त्या वेळी दत्ताराम हॉस्पिटलातल्या लाकडी बाकावर बसून चहा पीत होता. डाव्या हाताचं हाड मोडलं होतं, कपाळाला चार टाके पडले होते आणि चहात साखर कमी होती. एवढं सोडलं तर त्याची काही तक्रार नव्हती.

तक्रार नाही असं त्याने लिहूनही दिलं होतं. ज्याच्या गाडीने त्याला उडवलं तो चष्मेवाला माणूस हॉस्पिटलपर्यंत सोबत आला होता. त्याने कागद पुढे केला. "काका, सही केलीत की दोघंही मोकळे. नाहीतर उगाच कोर्टाच्या फेऱ्या." दत्तारामला कोर्टाची हौस नव्हती. उजवा हात शाबूत होता. त्याने सही केली. चष्मेवाला खरंच मोकळा झाला आणि दहा मिनिटांत दिसेनासा झाला. दत्तारामला मात्र डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं.

दत्तारामचं वय सदुसष्ट. गिरणी सुटल्यापासून त्याचा एकच धंदा. हिंदमाताच्या दुकानांतून साड्यांचा गठ्ठा सायकलवर घालून आणायचा, चाळीतल्या बायकांना फॉल-बिडिंगला वाटायचा आणि तयार साड्या दुसऱ्या दिवशी दुकानात परत पोचवायच्या. त्या बायकांत पहिली त्याची बायको, कौसल्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेला फॉल उन्हात साडीला लागत नाही, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून ती स्वतः जायची. साडी दुकानाच्या बाहेर आणायची, उजेडात धरायची, मग फॉल निवडायचा. जायची ती दत्तारामच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून. कॅरिअरच्या सळ्या टोचायच्या म्हणून तिने उरलेल्या फॉलच्या तुकड्यांची एक गादी शिवली होती. राणी, मोरपिशी, लिंबू, चटणी, सगळे रंग त्यात होते.

कॅरिअरवर ती डावीकडे पाय सोडून बसायची. उजव्या हाताने सीट धरायची. वळण आलं की डावा हात मागे लांब करायची, पंजा उघडा, आणि मागच्या गाडीवाल्याला ओरडायची, "थांब रे मेल्या, दिसणा नाय काय तुका?"

गाडी थांबायची. टॅक्सी थांबायची, टेम्पो थांबायचा, एकदा लाल दिव्याची गाडीही थांबली होती. छत्तीस वर्षांत दत्तारामला एकाही गाडीचा धक्का लागला नाही. तो समजत होता की आपण सायकल चांगली चालवतो.

अकरा महिन्यांपूर्वी कौसल्या गेली. रस्त्यावर नाही, अंथरुणावर. चार दिवसांच्या तापाने. एवढ्या गाड्यांतून तिला नेलं-आणलं आणि घरातल्या घरात एका डासाने तिला गाठलं.

त्यानंतर दत्तारामला गाड्या लागायला लागल्या. पहिली टॅक्सी, परळला. तिचा आरसा कोपराला लागला. टॅक्सीवाला उतरला, आरसा पुसला आणि गेला. दुसरी हिंदमाताला उभी असलेली गाडी. आतल्या बाईंनी दार उघडलं ते थेट दत्तारामच्या छातीत. बाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग परत दाराकडे. आणि तिसरी ही, लालबागच्या नाक्यावर. उजवीकडे वळायला त्याने हात दाखवला होता. पण पुढे बसलेल्या माणसाचा हात वेगळा आणि मागे बसलेल्या बाईचा हात वेगळा.

"काका, तुम्ही एकदम मधेच आलात," चष्मेवाला म्हणाला होता.

छत्तीस वर्षं दत्ताराम त्याच नाक्यावर एकदम मधे येत होता.

पडल्यावर गठ्ठा सुटला आणि साड्या रस्ताभर पसरल्या. लोक धावले. दोन बायकांनी साड्या झटकून घड्या घातल्या, नीट, काठावर काठ लावून. त्यांतल्या एकीने दत्तारामपाशी वाकून विचारलं, "काका, ही मोरपिशी कुठल्या दुकानातली हो?" दत्तारामने पडल्यापडल्या दुकानाचं नाव सांगितलं.

सायकल पोलिसांनी उचलून नेली. ती कशी नेली हे त्याने ॲम्ब्युलन्सच्या काचेतून पाहिलं. मागचं चाक वाकडं झालं होतं, पण गादी जागेवर होती.

चाळीत बातमी पोचली ती फोनवर. भाजीवाल्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'दत्ताकाकांना गाडीने उडवलं, देवाला हात जोडा.' लोकांनी हात जोडले. एका मिनिटात अकरा जोडलेले हात आले. बाराव्याने वरचं काही न वाचता नुसते हात पाहिले आणि लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यापुढच्या त्रेचाळीस जणांनी तेच लिहिलं. एकाने लिहिलं, 'काका कायम हसतमुख असायचे.' दत्ताराम अकरा महिन्यांत हसला नव्हता.

मंडळाचा सेक्रेटरी सुशांत राऊळ. पोरगा कामाला वाघ, फक्त थांबणं त्याला ठाऊक नाही. कौसल्या गेली तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने तिचा बॅनर आधी लावला होता. आपल्या चाळीतलं माणूस आणि बॅनर दुसऱ्यांचा, ही गोष्ट सुशांतच्या जिवाला लागून राहिली होती. या वेळी त्याने उशीर केला नाही. अकराला फोटो शोधला, साडेबाराला छपाई, दोनला बॅनर गल्लीच्या तोंडाशी. दोन वाजता दत्ताराम हॉस्पिटलात डाळ-भात खात होता.

बुधवारी दुपारी तो टॅक्सीतून उतरला आणि समोर स्वतःलाच पाहिलं.

आठ फूट बाय सहा फूट. 'कै. दत्ताराम सखाराम घाडी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली, दत्तारामच्या डोक्याएवढंच डोकं असलेला भाऊंचा फोटो. भाऊ म्हणजे येत्या निवडणुकीला उभे राहणारे भाऊ. त्यांनीही हात जोडले होते.

दत्तारामचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा, दसऱ्याचा होता. सायकल धुऊन पुसून दारात उभी केलेली, हँडलला झेंडूचं तोरण, आणि बाजूला दत्ताराम पांढऱ्या सदऱ्यात. त्या दिवशी सुशांत फोटो काढायला आला तेव्हा कौसल्या सायकलीला हळद-कुंकू लावत होती. उजव्या हातात तबक. "रव रे, हळद लावूक व्हयी अजून," असं म्हणत तिने डावा हात सुशांतसमोर धरला होता. सुशांत थांबला नव्हता.

बॅनरवर कौसल्या नव्हती. मेलेल्या माणसाच्या बॅनरवर मेलेल्या बायकोचं काय काम, म्हणून छपाईवाल्याने तिला कापलं होतं. हात तेवढा राहिला होता. मनगटात हिरव्या बांगड्या, पंजा उघडा, बॅनरच्या कडेतून आत आलेला.

"काका!" सुशांत धावत आला. चार पावलांवर थांबला, कारण काय बोलावं ते त्याला सुचेना. "काका, तुम्ही... बरे आहात?"

"तुझ्या कृपेने," दत्ताराम म्हणाला. "हे उतरव."

"उतरवतो ना. लगेच उतरवतो." सुशांतने डोकं खाजवलं. "फक्त भाऊंना विचारावं लागेल."

"मी जिवंत आहे हे भाऊंना विचारायचं?"

"तसं नाही हो काका. त्यांचा फोटो आहे ना खाली. त्यांना न सांगता उतरवला तर उद्या ते म्हणतील, दुसऱ्या पार्टीने उतरवला. भाऊ महाबळेश्वरला गेलेत. शुक्रवारी येतील." मग तो जरा जवळ सरकला. "पण काका, फोटो बघा तरी काय फर्स्ट क्लास आलाय."

फोटो खरंच चांगला आला होता. सायकलीची एकेक सळी दिसत होती.

वर खोलीत मुलगी येऊन बसली होती. दर्शना डोंबिवलीला असते. ग्रुपवरचं वाचून ती मंगळवारी रडत निघाली, हॉस्पिटलात बाप डाळ-भात खाताना पाहिला, आणि तेव्हापासून तिचं रडणं थांबून रागावणं सुरू झालं होतं. बाप जिवंत असल्याचं ग्रुपवर लिहायचं त्या रागात राहूनच गेलं.

"एक बरं झालं. ती सायकल गेली एकदाची."

"गेली नाही. पोलिसांकडे आहे."

"असू दे तिकडेच. बाबा, आता पुरे. तुम्ही माझ्याकडे चला. या वयात कोण सायकल चालवतं?"

"चालवायची नाही. आणायची आहे."

"कशाला?"

कौसल्याचे कपडे बायकांनी वाटून टाकले होते. शिलाई मशीन दर्शनाने नेलं होतं, तेही दत्तारामनेच दिलं होतं. तिने बसायची म्हणून शिवलेली ती एकच गोष्ट आता उरली होती आणि ती पोलीस ठाण्याच्या आवारात पडली होती. हे मुलीला कसं सांगायचं ते त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "माझी आहे म्हणून."

गुरुवारी सकाळी तो गळ्यात हात बांधून पोलीस ठाण्यात गेला. ठाणं लालबागच्या खाली, आंबेडकर रोडलाच लागून. आवारात मोडक्या मोटारसायकलींचा ढीग होता आणि त्या ढिगाला टेकून त्याची सायकल उभी होती. गादीवर धूळ बसली होती. तो झटकायला पुढे झाला तेवढ्यात हवालदार ओरडला, "ओ बाबा, हात नाही लावायचा. बेवारस माल आहे."

"बेवारस नाही, माझी आहे. मंगळवारी नाक्यावर गाडीने मला उडवलं ना, तेव्हाची."

हवालदाराने त्याला आत सब-इन्स्पेक्टर मॅडमकडे नेलं. पाटीवर नाव होतं प्रिती साळवी. मॅडमनी वही उघडली, बोट फिरवलं.

"मंगळवारी नाक्यावर अपघात झालेला नाही."

दत्तारामने गळ्यातला हात थोडा वर केला.

"ते दिसतंय हो आजोबा," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही लिहून दिलंय ना, तक्रार नाही म्हणून. तक्रार नाही म्हणजे गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणजे अपघाताची नोंद नाही. मग ही सायकल रस्त्यात पडलेली मिळाली, एवढंच उरतं."

"आणि ती गाडी?"

"ती त्याच दिवशी गेली. तिचे सगळे कागद होते."

"माझ्या सायकलला कागदच नसतात."

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली होती. "खरेदीची पावती?"

"अठ्ठ्याऐंशी सालची आहे. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे."

"मग सायकल तुमची आहे असं दाखवणारं काहीतरी आणा. नाहीतर गाडीवाल्या त्या साहेबांना आणा. त्यांनी सांगितलं, हीच सायकल, याच माणसाची, तरी चालेल. पण उद्यापर्यंत. शनिवारी भंगारवाला येतोय. आवार रिकामं करायचा वरून हुकूम आहे."

दत्ताराम घरी आला. त्या साहेबांना कुठे शोधायचं हा प्रश्न होता, पण संध्याकाळी ते साहेब स्वतःच आले. डोळ्यांवर तोच चष्मा, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, चेहरा कागदासारखा. राहुल मेहेंदळे, राहणार परळ, एकेचाळिसावा मजला. दुपारी ऑफिसला जाताना त्यांना गल्लीच्या तोंडाशी बॅनर दिसला होता. कपाळावरचा घाम पुसत, चाळीचे दोन जिने चढून ते दारात आले. आत दत्ताराम पेज पीत बसला होता.

मेहेंदळे दाराला धरून उभे राहिले.

"तुम्ही... तुम्ही तर बरे आहात!"

"या, बसा," दत्ताराम म्हणाला.

"मग खाली ते काय लावलंय?" भीती गेली आणि त्याजागी राग आला, तो येताना दत्तारामला दिसला. "ही काय मस्करी आहे? मी वकिलांना फोन केला. बायको तिकडे रडतेय. दुपारपासून घशाखाली घास नाही माझ्या!"

"माझ्याही नव्हता. म्हणून पेज करायला सांगितली," दत्ताराम म्हणाला. "साहेब, तुमच्याकडे एकच काम होतं. उद्या पोलीस ठाण्यात या आणि सांगा की सायकल या माणसाची आहे. दुसरं काही नको."

"मी कसं सांगणार?"

"तुम्हीच तर धडकलात ना तिला."

मेहेंदळे खाली बसले. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा काका, मला वाईट वाटतंय. मनापासून. पण कागदावर अपघात झालेलाच नाहीये. मी जाऊन सायकल ओळखली तर प्रश्न येतो की मी ती कधी पाहिली? वकील म्हणाले, सायकल हा शब्दसुद्धा काढू नका."

"म्हणजे मी मेलो तर तुम्ही येणार आणि जिवंत असलो तर ओळखणार नाही."

मेहेंदळे उठले. नवी सायकल घेऊन देतो म्हणाले, गिअरवाली. दत्तारामने विचारलं, तिला मागे कॅरिअर असतो का? ते म्हणाले, हल्ली नसतो. मग ते फुलं तिथेच ठेवून गेले. कुणासाठी आणली होती आणि आता त्यांचं काय करायचं, हे त्यांनाही कळलं नसावं. दत्तारामने ती कौसल्याच्या फोटोपुढे ठेवली. पांढरी फुलं तिला आवडत नसत, पण महागातली होती.

रात्री त्याला झोप लागली नाही, ती हातामुळे. पहाटे नळावर तोंड धुताना मात्र त्याला एकदम आठवलं. सायकलीची एकेक सळी दिसत होती. सळी दिसत होती म्हणजे गादीही दिसत असणार.

तो तसाच ओल्या तोंडाने गल्लीच्या टोकाला गेला. बॅनरखाली उभं राहून मान वर केली. दिसत होती. राणी, मोरपिशी, लिंबू, चटणी. कोपऱ्यातला जांभळा तुकडा, जो कौसल्याने उलटा लावला होता आणि मग "ऱ्हवांदे" म्हणून तसाच ठेवला होता, तोही.

सुशांतला त्याने झोपेतून उठवलं.

"तो बॅनर काढ. मला पोलीस ठाण्यात न्यायचाय."

"काका, भाऊ आज येणारेत..."

"भाऊंना आत्ता फोन लाव."

भाऊंनी तिसऱ्या फोनला उचललं. सुशांतने सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला. सुशांत नुसता 'हो भाऊ, हो भाऊ' म्हणत राहिला आणि शेवटी त्याने फोन खिशात टाकला.

"भाऊ म्हणाले, काढा. पण त्या जागेवर दुसरा लावायचा. 'दत्ताराम घाडी यांना दीर्घायुष्य लाभो.' भाऊंच्या फोटोसकट."

"लाभू दे," दत्ताराम म्हणाला. "चढ वर."

सुशांतने कापड चौकटीतून सोडवून गुंडाळी करून दिली. सोबत येतो म्हणाला, पण नव्या बॅनरच्या छपाईचं काम होतं, ते त्याला जास्त ओढत होतं. दत्ताराम एका बगलेत गुंडाळी मारून एकटाच टॅक्सीने गेला.

ठाण्यात टेबलावर बॅनर मावेना. हवालदाराने आणि आणखी एकाने दोन टोकं धरून तो भिंतीशी उभा केला. मॅडम खुर्चीतून उठल्या. आधी बॅनर पाहिला, मग बाहेर जाऊन सायकल पाहिली, मग परत येऊन बॅनर. गादीचे रंग जुळले. उलटा जांभळा तुकडाही जुळला. आवारातल्या चार माणसांनी माना डोलावल्या.

"सायकल याच फोटोतली," मॅडम म्हणाल्या. "यात वाद नाही. आणि ही सायकल यांचीच, हेही दिसतंय." त्यांनी बोटाने वाचलं. "कै. दत्ताराम सखाराम घाडी."

"मी," दत्ताराम म्हणाला.

"आजोबा, हे कैलासवासी आहेत."

"ते मंडळाच्या पोरांनी घाई केली."

"मला कळतंय हो. पण तुम्ही पुरावा म्हणून हेच आणलंय ना? या पुराव्याने सायकल तुमची ठरते आणि तुम्ही मेलेले ठरता. अर्धा पुरावा मी कसा घेऊ? एक तर सगळा घ्यावा लागेल, नाहीतर काहीच नाही." त्या बोलता बोलता थांबल्या. आपण काय बोलतोय हे त्यांनाही कळलं होतं.

हवालदाराने मधे तोंड घातलं. "मॅडम, मयताची वस्तू वारसाला देता येते. बाबा, तुम्हाला वारस कोण?"

"मुलगी आहे. ती नाही घेणार. ती म्हणते भंगारात जाऊ द्या."

"बायको?"

दत्तारामने भिंतीकडे पाहिलं. "ती काय तिथे. हात आहे बघा."

सगळ्यांनी पाहिलं. कडेतून आत आलेला हात, हिरव्या बांगड्या, उघडा पंजा. बॅनरचं टोक धरलेल्या माणसाने उगाच हात बदलला.

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"अकरा महिने झाले. ती गादी तिनेच शिवलीय. मागे बसायची."

मॅडम खुर्चीत बसल्या. वही ओढली. "आधार कार्ड आणलंय?"

"आणलंय."

"द्या." त्यांनी कार्ड पाहिलं, नाव पाहिलं, आणि हवालदाराला म्हणाल्या, "लिहा. कैलासवासी दत्ताराम सखाराम घाडी यांची सायकल, एक नग, श्री. दत्ताराम सखाराम घाडी यांच्या ताब्यात दिली. नातं काय लिहायचं?"

हवालदार पेन धरून थांबला.

"जवळचे," मॅडम म्हणाल्या. "जवळचे लिहा."

दत्तारामने सही केली. एका आठवड्यातली ही त्याची दुसरी सही. पहिलीने अपघात गेला होता, दुसरीने तो स्वतः गेला. सायकल मात्र मिळाली.

बाहेर हवालदाराने चाक थोडं ठोकून सरळ करून दिलं, निदान ढकलत नेता येईल एवढं. बॅनरची पुन्हा गुंडाळी करायला एका हाताने जमेना. हवालदारालाही जमली नाही, कापड हट्टी होतं. शेवटी त्याने बॅनर दोनदा दुमडला, कॅरिअरवरून मागे लोंबता टाकला आणि सुतळीने बांधला. गादीला धक्का लागू नये म्हणून दत्तारामने आपला रुमाल मधे घातला.

दत्ताराम उजव्या हाताने हँडल धरून आंबेडकर रोडच्या कडेने निघाला. दुपारचा एक वाजला होता. सायकल पावलागणिक कुरकुरत होती. पण आज काहीतरी वेगळं होतं. मागून भोंगे येत नव्हते. एक टेम्पो त्याच्या मागून हळू आला, बाजूला झाला आणि ड्रायव्हरने जाता जाता कपाळाला हात लावला. दत्तारामला वाटलं, प्लास्टर पाहून असेल.

लालबागच्या नाक्यावर तो थांबला. काळाचौकीला जायचं तर इथून उजवीकडे, सगळा रस्ता ओलांडून. मंगळवारी इथेच त्याला उडवलं होतं. एरवी तो इथे दहा दहा मिनिटं उभा राहायचा. आज त्याने सायकल जरा पुढे काढली आणि मागची बस थांबली. बसमागे टॅक्सी थांबली. टॅक्सीशेजारी एक मोठी काळी गाडी, जी कुणासाठी थांबत नसावी, तीही थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली आणि गाणं बंद केलं.

दत्तारामने मागे वळून पाहिलं.

दुमडलेल्या बॅनरचा एवढाच भाग दिसत होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली, कॅरिअरच्या मागे, बरोबर कौसल्या धरायची त्या उंचीला, तो हात. पंजा उघडा. गाड्यांच्या समोर.

तो रस्त्याच्या मधे उभा राहिला. कुणीही भोंगा वाजवला नाही. मेलेल्या माणसाला घाई नसते हे मुंबईच्या गाड्यांना मान्य असतं.

"कौन गया, चाचा?" टॅक्सीवाल्याने खिडकीतून हळूच विचारलं.

"मैं," दत्ताराम म्हणाला आणि सावकाश उजवीकडे वळला.